वर्डस्टार, श्रीलिपी, विनॅम्प: जुनं सॉफ्टवेअर घरच्या घरी पुन्हा सुरू करायचं तर

घरात जुना पीसी किंवा निदान त्याची हार्ड डिस्क आहे, एखाद्या डब्यात फ्लॉप्या आणि सीड्या आहेत, आणि वर्डस्टारचं कंट्रोल-के, टर्बो सीचा निळा पडदा किंवा गाणी वाजवणाऱ्या विनॅम्पची नाचणारी पट्टी अजून डोळ्यांसमोर येते, अशा माणसासाठी हा लेख आहे. तुम्ही तंत्रज्ञ नसलात तरी चालेल. फाइल कॉपी करणं, फोल्डर तयार करणं आणि सॉफ्टवेअर इन्स्टॉल करणं एवढं येत असलं की पुरे.

नव्वदच्या दशकात नागपुरात संगणक शिकलेल्यांपैकी अनेकांनी तो पहिल्यांदा पाहिला तो क्लासच्या एसी खोलीत, चपला बाहेर काढून. डॉस (विंडोजच्या आधीची, हुकूम टाइप करून चालवायची प्रणाली), वर्डस्टार (लिखाणासाठी), लोटस (आकडेमोडीसाठी), डीबेस (नोंदी ठेवण्यासाठी) असा ठरलेला क्रम असायचा. इंजिनिअरिंगच्या मुलांचा सी भाषेत प्रोग्राम लिहायचा टर्बो सी, इतवारीतल्या दुकानांत टॅली, छापखान्यांत पानं मांडायला पेजमेकर. २००२ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झालं आणि विंडोज, वर्ड, एक्सेल घरोघरी पोचले. या सगळ्याची ओढ वाटते यात काही गैर नाही. त्या पडद्यांसमोर आपण घडलो.

पण कामाला लागण्याआधी एक क्रम ठरवून घ्या: आधी आपल्या फाइली, मग आपलं सॉफ्टवेअर. विंडोज ९८ ची सीडी जगात असंख्य लोकांकडे आहे. विनॅम्प आजही मिळतो. पण आजोबांनी टाइप करून ठेवलेल्या आठवणी, ताईचा एम.ए.चा प्रबंध, मंडळाच्या गणेशोत्सवाची स्मरणिका, दुकानाचा जुना हिशेब यांची प्रत बहुतेक वेळा एकाच डिस्कवर असते. ती डिस्क गेली की ते लिखाण गेलं, मग सॉफ्टवेअर हातात असून उपयोग नाही.

पीसी लगेच सुरू करू नका

वर्षानुवर्षं बंद असलेला पीसी माळ्यावरून काढला की पहिला मोह बटण दाबायचा होतो. तो आवरा. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, स्लॅबखालचा माळा त्याहून तापतो, आणि त्यानंतर चार महिने पावसाची दमट हवा. यात सगळ्यात आधी एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि मदरबोर्डवरचे कपॅसिटर (छोट्या उभ्या नळ्यांसारखे भाग) खराब होतात. झाकण उघडा, मऊ ब्रशने धूळ काढा, आणि कपॅसिटरच्या डोक्यावर फुगवटा किंवा तपकिरी डाग दिसतो का ते बघा. दिसला तर वीज देऊच नका.

मदरबोर्डवर नाण्यासारखी चपटी बॅटरी असते, बहुतेक वेळा सीआर२०३२. ती संपलेली असणारच, त्यामुळे तारीख आणि सेटिंग पुसली जातात. घड्याळाच्या दुकानात ती सहज मिळते. पीसी ३८६ किंवा ४८६ काळातला असेल तर मात्र बोर्डवर गोल दंडगोल बॅटरी असू शकते. ती गळते आणि बोर्डवरचे तांब्याचे मार्ग खाऊन टाकते. ती काढून टाकणं हे पहिलं काम.

माझा सल्ला असा: फाइली हव्या असतील तर पीसी सुरू करण्याच्या भानगडीत न पडता फक्त हार्ड डिस्क बाहेर काढा. जुन्या डिस्कला रुंद पट्टीची, ४० पिनांची आयडीई केबल असते. आयडीई ते यूएसबी असा जोडणारा अडॅप्टर मिळतो, त्याला वेगळा वीजपुरवठा असतो आणि तो ३.५ इंची डिस्कसाठी लागतोच. डिस्कच्या मागचा जम्पर, म्हणजे पिनांवरची छोटी टोपी, ‘मास्टर’वर ठेवा. आजच्या लॅपटॉपला लावल्यावर डिस्क दिसली की काही उघडून बघत बसू नका. आधी सगळं कॉपी करा. डिस्कमधून टक्-टक् आवाज येत असेल तर ती लगेच बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या, कारण अशी डिस्क जितकी फिरेल तितकी बिघडत जाते.

आणि हे सगळं होईपर्यंत घरच्यांना सांगून ठेवा. कबाडी दारात आला, ‘ताई, जुना कॉम्प्युटर आहे का? वजनावर पैसे भेटतील’ म्हणाला, की किती घरांतले प्रबंध आणि स्मरणिका तराजूत जातात हे मी पाहिलं आहे.

फ्लॉप्या आणि सीड्या

३.५ इंची फ्लॉपीत १.४४ एमबी मावतं. तिच्यासाठी यूएसबीवर चालणारा फ्लॉपी ड्राइव्ह ऑनलाइन मिळतो. त्याआधीच्या मोठ्या, लवचिक ५.२५ इंची फ्लॉप्या मात्र त्यात जात नाहीत. त्यांना जुना ड्राइव्ह आणि ग्रीसवीझलसारखं खास सर्किट लागतं, म्हणून नवख्याने त्या बाजूला ठेवून अनुभवी माणूस शोधावा.

फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्याआधी कोपऱ्यातली छोटी खिडकी उघडी करा. ती उघडी असली की फ्लॉपीवर काहीही लिहिलं जात नाही. मग धातूची पट्टी हलकेच सरकवून आतली चकती उजेडात बघा. पांढरे ठिपके म्हणजे बुरशी. अशी फ्लॉपी तशीच घातली तर ड्राइव्हचं डोकं घाण होतं आणि पुढच्या चांगल्या फ्लॉप्याही ओरबाडल्या जातात. विदर्भात उन्हाळाभर कुलर चालतो, त्याची दमट हवा चुंबकीय चकत्यांना मानवत नाही. कुलरच्या खोलीत ठेवलेल्या डब्यात बुरशी हमखास सापडते, म्हणून हे काम कोरड्या दिवसांत, कुलर बंद ठेवून करा.

विंडोजने ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ असं विचारलं तर उत्तर कायम नाही. बऱ्याचदा फ्लॉपी ठीक असते, फक्त एखादा भाग वाचला जात नाही. एकेक फाइल कॉपी करण्यापेक्षा आख्ख्या फ्लॉपीची प्रतिमा, म्हणजे इमेज फाइल, काढलेली बरी. विनइमेजसारखं साधन ते करतं. लिनक्स वापरत असाल तर डीडी-रेस्क्यू उत्तम, ते न वाचणाऱ्या भागावर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं आणि जमेल तेवढं सोडवतं. सीडीसाठीही हेच, तिची आयएसओ फाइल करून ठेवा. घरी लिहिलेल्या सीडीचा रंगीत थर उन्हाने आणि उष्णतेने उडतो, त्यामुळे कंपनीच्या छापील सीडीपेक्षा घरच्या सीड्या आधी हातात घ्या.

मराठी फाइली: खरं काम इथे आहे

जुनी वर्डची फाइल उघडली आणि मराठीच्या जागी रोमन अक्षरं, कंस, टक्केवारीची चिन्हं असा कचरा दिसला, की बहुतेक लोक फाइल खराब झाली असं समजून ती पुसतात. ती खराब झालेली नसते.

आजचं मराठी युनिकोडमध्ये लिहिलं जातं. त्यात ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, आणि तो कुठल्याही फॉन्टमध्ये ‘क’च असतो. त्याआधीच्या फॉन्टांनी वेगळी वाट काढली होती. संगणकाला फक्त इंग्रजी अक्षरांचे क्रमांक कळायचे, म्हणून त्याच क्रमांकांवर देवनागरीचे आकार बसवले गेले. संगणकाच्या लेखी फाइलमध्ये इंग्रजी अक्षरंच होती. पडद्यावर आणि कागदावर फॉन्ट त्यांना मराठी रूप देत होता. फॉन्ट गेला की खालची रोमन अक्षरं उघडी पडतात. शिवाय प्रत्येक कंपनीने आकार आपापल्या सोयीने बसवले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, बंगळूरचं आकृती, सी-डॅकचं आयएसएम, घरोघरी पसरलेले शिवाजी फॉन्ट, या कुणाचंच कुणाशी जुळत नाही.

म्हणून पहिली पायरी: फाइलमधल्या कचऱ्यावर क्लिक करा आणि वर्डच्या फॉन्टच्या चौकटीत काय नाव आहे ते लिहून घ्या. फॉन्ट संगणकात नसला तरी नाव तिथे दिसतं. श्री-देव आणि पुढे आकडे असतील तर श्रीलिपी. डीव्ही-टीटी योगेश, डीव्हीबी-टीटी सुरेख अशी नावं असतील तर सी-डॅक. शिवाजी०१, शिवाजी०५ तर सरळच ओळखू येतात.

दुसरी पायरी: तो फॉन्ट शोधा. तो जुन्या हार्ड डिस्कवरच विंडोजच्या फॉन्ट्स नावाच्या फोल्डरमध्ये असतो, आणि म्हणूनच वर सगळं कॉपी करा असं म्हटलं. या सॉफ्टवेअरांबरोबर डोंगल, म्हणजे तो लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालू न देणारी छोटी किल्ली, यायचा, आधी प्रिंटरच्या पोर्टला लागणारा आणि नंतर यूएसबीचा. डोंगल हरवला म्हणून फाइली गेल्या असं अनेकांना वाटतं. पण डोंगल टाइप करण्याच्या सॉफ्टवेअरला लागतो. नुसतं वाचायला आणि छापायला बहुतेक वेळा फॉन्टची टीटीएफ फाइल पुरते. ती नव्या संगणकात बसवा, फाइल पुन्हा उघडा, आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा मजकूर जसाच्या तसा समोर येईल. हा क्षण अनुभवण्यासारखा असतो.

तिसरी पायरी: लगेच पीडीएफ करा. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसतो, त्यामुळे पान कसं दिसत होतं याचा कायमचा पुरावा राहतो. त्यातून मजकूर कॉपी केला तर पुन्हा कचराच मिळेल, त्याची काळजी करू नका. ही पीडीएफ पुढे मुद्रितशोधनासाठी लागणार आहे.

चौथी पायरी: युनिकोडमध्ये रूपांतर. यासाठी फॉन्ट कन्व्हर्टर मिळतात, काही ब्राउझरमध्येच चालतात. तुमच्या नेमक्या फॉन्टचाच कन्व्हर्टर निवडा. जवळच्या नावाचा निवडला तर अर्धी अक्षरं बरोबर आणि अर्धी चूक येतात, आणि ते निस्तरायला नव्याने टाइप करण्याइतका वेळ जातो.

रूपांतरात चुका कुठे होतात हे आधीच माहीत असलं तर तपासणी सोपी होते. जुन्या फॉन्टात अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने ठेवलेली असतात. ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो, आधी क, मग वेलांटी. रफाराचं उलट: जुन्या फॉन्टात तो अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये त्या अक्षराच्या आधी र आणि हलन्त. म्हणजे कन्व्हर्टरला नुसती अक्षरं बदलून भागत नाही, ती मागे-पुढे सरकवावी लागतात. जिथे जोडाक्षर, वेलांटी आणि रफार एकत्र येतात तिथे तो अडखळतो. हिंदीसाठी केलेला कन्व्हर्टर वापरला तर आपला ‘ळ’ आणि ‘दुसऱ्या’मधला र हमखास बिघडतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ एकच होऊन बसतात. ॲ आणि ऑ हेही तपासा.

आख्खा प्रबंध कन्व्हर्टरमध्ये टाकण्याआधी एक परिच्छेद टाकून बघा, आणि त्यात विद्यार्थिनी, कीर्ती, दुसऱ्या, किल्ल्यात, ऑक्टोबर, ज्ञानेश्वर, श्रावण असे शब्द येतील असं बघा. एवढे नीट आले तर बाकीचं बहुतेक नीट येतं. तयार झालेला मजकूर आजच्या वर्डच्या किंवा लिबरऑफिसच्या फाइलीत ठेवा, आणि त्याची एक साधी टेक्स्ट प्रतही यूटीएफ-८ मध्ये ठेवा. मूळ फाइल कधीही पुसू नका. उद्या अधिक चांगला कन्व्हर्टर आला तर मूळच कामी येईल.

याहून जुना मजकूर असेल, म्हणजे डॉसवर सी-डॅकचं जिस्ट कार्ड लावून लिहिलेला, तर बातमी चांगली आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकच्या त्या कार्डामुळे डॉसच्या साध्या प्रोग्रामांत देवनागरी दिसू लागली होती. तो मजकूर इस्की नावाच्या संकेतात असतो. युनिकोडची देवनागरी मांडणी इस्कीवरच बेतलेली आहे, त्यातही उच्चाराचाच क्रम आहे, त्यामुळे हे रूपांतर फॉन्टांच्या मानाने बरंच निर्धोक होतं.

पेजमेकरबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण विदर्भ साहित्य संघ असलेल्या नागपुरात नियतकालिकं, दिवाळी अंक, गौरवग्रंथ, संस्थांच्या स्मरणिका कायम निघत आल्या आहेत, आणि एका मोठ्या काळातलं हे काम पेजमेकरमध्ये झालं. पेजमेकर ७ ही २००१ सालची आवृत्ती शेवटची ठरली. पेजमेकरची जागा घेणाऱ्या इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकर ६ ते ७ च्या फाइली उघडत होत्या, त्यानंतरच्या उघडत नाहीत. ती आवृत्ती हाताशी नसेल तर लिबरऑफिस ड्रॉ हे मोफत साधन पेजमेकरच्या फाइली वाचतं. रकाने सरकतात, कधी मधली काही अक्षरं बिघडतात, पण मजकूर हाती लागतो. जुनं पेजमेकरच चालू करता आलं तर मात्र त्यातून मजकूर आरटीएफमध्ये निर्यात करणं सगळ्यात चांगलं.

गांधीबाग-महालकडच्या एखाद्या छापखान्यात जुने डीटीपी ऑपरेटर काका अजून बसत असतील तर त्यांना जाऊन भेटा. ‘काका, हा फॉन्ट कोणता आहे हो?’ एवढं विचारलं तर पानाकडे बघून ते सांगतात. श्री-देवच्या आकड्यांवरून अक्षराचं वळण सांगणारी ही माणसं म्हणजे या विषयातला सगळ्यात मोठा ठेवा आहे, आणि त्यांचं ज्ञान कुठेही लिहून ठेवलेलं नाही. त्यांच्या सवयीचा रेमिंग्टन टाइपरायटरचा कळफलक आता युनिकोडसाठीही मिळतो. तो त्यांच्या संगणकात बसवून दिलात तर त्यांना नव्याने बोटं बसवावी लागणार नाहीत.

डॉसची दुनिया

जुना डॉस प्रोग्राम विंडोज ११ वर डबल-क्लिक केला तर चालत नाही, आणि त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं. ६४-बिट विंडोजमध्ये १६-बिट प्रोग्राम चालवणारा भागच नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे. म्हणून आपल्याला एम्युलेटर लागतो: नव्या संगणकाच्या आत जुना संगणक असल्याचं प्रोग्रामला भासवणारं सॉफ्टवेअर. डॉससाठी ते काम डॉसबॉक्स करतं. ते २००२ पासून आहे आणि मोफत आहे. त्यावरून निघालेली डॉसबॉक्स स्टेजिंग आणि डॉसबॉक्स-एक्स ही दोन भावंडंही चांगली आहेत.

इन्स्टॉल न करता आधी नुसती चव घ्यायची असेल तर इंटरनेट अर्काइव्हवर डॉसचे कितीतरी प्रोग्राम आणि खेळ थेट ब्राउझरमध्ये चालतात. तिथे प्रिन्स ऑफ पर्शिया उघडून बोटं अजून त्या उड्या विसरली नाहीत याची खात्री करून घ्या, मग पुढे या.

डॉसबॉक्स बसवल्यावर एक फोल्डर करा, नाव इंग्रजीत, आठ अक्षरांच्या आत, मध्ये जागा न सोडता. डॉसला त्याहून लांब नाव झेपत नाही. त्यात जुन्या प्रोग्रामचा फोल्डर ठेवा. आता तो फोल्डर माउसने उचलून डॉसबॉक्सच्या चिन्हावर सोडा. मूळ डॉसबॉक्समध्ये तो थेट सी ड्राइव्ह म्हणून जोडला जातो आणि माउंटचा हुकूम टाइप करावा लागत नाही. पुढे रोजचं वापरणं सुरू झालं की डॉसबॉक्सच्या सेटिंगच्या फाइलीत अगदी शेवटी ऑटोएक्झेक नावाचा भाग असतो, तिथे माउंटच्या ओळी लिहून ठेवा.

चार कळा पाठ करा. ऑल्ट-एंटरने पडदा पूर्ण होतो. माउस अडकला तर कंट्रोल-एफ१० ने सुटतो. खेळ फार वेगाने पळत असेल तर कंट्रोल-एफ११ ने मंद करा, रेंगाळत असेल तर कंट्रोल-एफ१२.

टर्बो सीवाल्यांनी इथे जपून. टर्बो सीमध्ये प्रोग्राम चालवायला कंट्रोल-एफ९ दाबायची सवय बोटांत मुरलेली असते. मूळ डॉसबॉक्समध्ये नेमक्या त्याच कळांनी डॉसबॉक्सच बंद होतो, तोही न विचारता, आणि न साठवलेला प्रोग्राम जातो. डॉसबॉक्स सुरू असताना कंट्रोल-एफ१ दाबलं की कळा बदलायची खिडकी येते, तिथे बंद करण्याची कळ दुसरीकडे हलवा. ते होईपर्यंत ऑल्ट-आरने रनचा मेनू उघडून तिथून चालवा, आणि त्याआधी एफ२ ने साठवा. निकाल बघायला ऑल्ट-एफ५ तसंच चालतं. बीजीआयची, म्हणजे टर्बो सीच्या चित्र काढायच्या सोयीची, वर्तुळं काढायची असतील तर इनिटग्राफमध्ये बीजीआय फोल्डरचा पत्ता बरोबर द्यायला विसरू नका. आज शिकणाऱ्या मुलांना हे दाखवायला जरूर दाखवा, पण सी भाषा शिकवायला नव्या कम्पायलरवरच बसवा. टर्बो सी हा कम्पायलर सी भाषेच्या आजच्या मानकांच्या कितीतरी आधीचा आहे.

वर्डस्टार मला या सगळ्यात जवळचं. १९७८ साली आलेलं हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचे हात कळफलकावरून उचलूच देत नाही. कंट्रोलबरोबर ई, एक्स, एस, डी या चार कळांनी वर-खाली-डावी-उजवी, कंट्रोल-के-बी आणि कंट्रोल-के-के ने मजकुराचा तुकडा धरायचा, कंट्रोल-के-एस ने साठवायचं. ना माउस, ना पडद्याच्या कोपऱ्यात उगवणारी सूचना. लांब लिखाणासाठी याहून शांत जागा मला अजून सापडलेली नाही. कॅनडातले विज्ञानकथालेखक रॉबर्ट सॉयर अजून त्यातच लिहितात. त्यांनी २०२४ मध्ये वर्डस्टार ७ चा पूर्ण संच माहितीपुस्तिकांसह सगळ्यांसाठी खुला केला. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी.

वर्डस्टारची जुनी फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर विचित्र दिसू शकतं. जुन्या आवृत्त्या शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर एक खूण ठेवायच्या, हे त्यामुळे होतं. फाइल वर्डस्टारमध्येच उघडा, प्रिंटर म्हणून ॲस्की निवडा आणि कागदाऐवजी फाइलीत छापा. स्वच्छ मजकूर मिळतो.

डीबेस आणि फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइलींसाठी तर एम्युलेटरही नको. लिबरऑफिस कॅल्क त्या थेट उघडतं. लोटसच्या डब्ल्यूके१ फाइलीही उघडतं. डीबीएफ कॉपी करताना त्याच नावाच्या डीबीटी किंवा एफपीटी फाइली सोबत घ्या, लांब मजकूर त्यांत असतो. दुकानाचा चालू हिशेब अजून डॉसच्या प्रोग्रामवर असेल, आणि नागपुरात अशी दुकानं अजून आहेत, तर त्यासाठी डॉसबॉक्स वापरू नका. ते खेळांसाठी बांधलेलं आहे. धंद्याच्या डॉस प्रोग्रामांसाठी व्हीडॉस नावाचं साधन आहे, ते प्रिंटरलाही नीट जोडतं.

विंडोज ९८, एक्सपी आणि तेव्हाचे सोबती

एक्सपीचा चालू पीसी घरी असेल तर डिस्क-टू-व्हीएचडी या मायक्रोसॉफ्टच्या मोफत साधनाच्या जुन्या आवृत्तीने आख्ख्या पीसीची एक फाइल बनते, आणि ती व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकाच्या आत दुसरा संगणक (व्हर्च्युअल मशीन) चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चालवता येते. तुमचा तोच डेस्कटॉप, तेच आयकॉन, तेच वॉलपेपर. जोडताना डिस्क आयडीई कंट्रोलरला लावा. नव्या पद्धतीच्या साटा कंट्रोलरला लावली तर एक्सपी निळा पडदा दाखवून थांबतं.

विंडोज ९५ आणि ९८ व्हर्च्युअलबॉक्समध्ये रडतखडत चालतात. त्यांच्यासाठी ८६बॉक्स हा जुन्या पीसीचा एम्युलेटर घ्या. त्यात पेंटियमचा बोर्ड, ६४ एमबी रॅम, एस३ चं ग्राफिक्स कार्ड आणि साउंड ब्लास्टर १६ निवडलं की बरीचशी जुनी सीडी-रॉम सॉफ्टवेअरं आणि खेळ चालतात. रॅम जास्त देण्याचा मोह नको, विंडोज ९८ ला ५१२ एमबीच्या पुढे त्रास होतो.

या जुन्या विंडोजना इंटरनेट जोडू नका. विंडोज ९८ चे सुरक्षा-अपडेट २००६ मध्ये थांबले, एक्सपीचे ८ एप्रिल २०१४ ला. आत फाइली न्यायच्या असतील तर आयएसओ बनवून सीडी म्हणून लावा.

विनॅम्पला यातलं काहीच लागत नाही. १९९७ चं हे सॉफ्टवेअर विंडोज ११ वर सरळ बसतं, आणि जुन्या स्किन म्हणजे डब्ल्यूएसझेड फाइली अजून चालतात. लिनक्सवाल्यांनी ऑडेशियस किंवा क्यूएमएमपी घ्यावं, दोन्ही त्याच स्किन लावतात. ब्राउझरमधल्या फ्लॅशच्या खेळांसाठी रफल हा एम्युलेटर आहे. याहू मेसेंजर मात्र २०१८ मध्ये आणि ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, त्यांचा दुसऱ्या टोकाचा सर्व्हरच उरला नाही, त्यामुळे जुना इन्स्टॉलर सापडला तरी त्यावर वेळ घालवू नका.

कायद्याचं

‘अबँडनवेअर’ म्हणून जे इंटरनेटवर फिरतं त्याला कायद्यात वेगळं स्थान नाही. कंपनीने विकणं थांबवलं तरी हक्क संपत नाहीत. आपण रीतसर घेतलेल्या प्रोग्रामची बॅकअप प्रत काढायला मात्र भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ मोकळीक देतं, म्हणून मूळ सीडी, खोका आणि बिल जपून ठेवा. पूर्ण मोकळ्या वाटाही आहेत: १९९४ मध्ये सुरू झालेलं फ्रीडॉस हे मोफत, खुलं डॉस, मायक्रोसॉफ्टनेच खुला केलेला एमएस-डॉसच्या काही आवृत्त्यांचा सोर्स, आणि बोरलँडने मोफत दिलेल्या टर्बो सी २.०१ आणि टर्बो सी++ १.०१. अनोळखी ठिकाणाहून काही उतरवलंच तर ते आधी इंटरनेट नसलेल्या व्हर्च्युअल मशीनमध्येच उघडा.

सगळं हाताशी आलं की रचून ठेवा

प्रत्येक माणसाच्या किंवा कामाच्या नावाने एक फोल्डर करा. त्यात मूळ फाइली, डिस्कची इमेज, पीडीएफ आणि युनिकोड प्रत वेगवेगळ्या ठेवा. फॉन्टच्या फाइली त्याच फोल्डरमध्ये ठेवा, दुसरीकडे नको. एक प्रत घरच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर, आणि जमलं तर एक दुसऱ्या शहरातल्या भावंडाकडे. डोंगल सापडला तर त्यावर सॉफ्टवेअरचं नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवा, कारण डोंगल एकसारखेच दिसतात आणि कोणता कशाचा हे नंतर कळत नाही.

शेवटी त्याच फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल तयार करा आणि तिच्यात मराठीतच लिहा: हे कुणाचं, साधारण कोणत्या साली लिहिलेलं, कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये, कोणत्या फॉन्टमध्ये, कोणत्या फ्लॉपीवरून किंवा डिस्कवरून काढलं, कोणत्या कन्व्हर्टरने बदललं, आणि कोणती पानं अजून तपासायची राहिली आहेत.